वाचकांचे प्रश्न : भावाच्या खुन्याला तुरुंगात भेटता येतं का?

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहते. माझ्या भावाचा खून करणारा इथल्याच तुरुंगात आहे. त्याला समोर बसवून विचारायचं आहे. घरचे म्हणतात, ‘खपली कशाला काढतेस?’ अशी भेट मिळते का? माफ करावं लागेल का? त्याची शिक्षा कमी होईल का? (डॅलस)

उत्तर : ताई, मिळते. टेक्सासच्या तुरुंग खात्याच्या पीडित सेवा विभागात १९९३ पासून ही सोय आहे. मागणी तुमच्याकडूनच यावी लागते. कैद्याला ती करता येत नाही. त्याने गुन्हा कबूल करून जबाबदारी घेतलेली असावी लागते. अपील चालू असेल तर बहुतेक कैदी इथेच अडतात, कारण कबुली अंगाशी येण्याची भीती असते. तो ‘नाही’ म्हणाला तर विषय संपला, त्याच्यावर सक्ती नाही. माफीची अट नाही आणि पॅरोलसाठी या भेटीचा त्याला फायदा मिळत नाही.

खरं काम भेटीच्या आधीचं. प्रशिक्षित मध्यस्थ दोघांना वेगवेगळं अनेकदा भेटतो. त्यात चार-सहा महिने सहज जातात, कधी वर्षही. तुम्हाला काय विचारायचं आहे ते लिहून काढा आणि सर्वांत महत्त्वाचे तीन प्रश्न वर ठेवा. मग मध्यस्थाला एकच विचारा : यांतल्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नसेल? ‘माझ्या भावाचे शेवटचे शब्द काय होते?’ याला ‘मी प्यायलो होतो, आठवत नाही’ असं उत्तर येऊ शकतं. ते पहिल्यांदा त्या टेबलावरच ऐकलं तर माणूस कोसळतो. हे मध्यस्थाने आधीच काढून घेतलं पाहिजे.

तपशीलही आधीच ठरवा. आधी कोण बोलणार, त्याला नावाने हाक मारायची की नाही, त्याने हात पुढे केला तर काय, सोबत कोण बसणार, थांबायचं असेल तर खूण कोणती. भावाचा फोटो न्यायचा असेल तर तुरुंगाची परवानगी लागते. भेट तासन्‌तास चालू शकते, तेव्हा त्या दिवशी गाडी दुसऱ्या कुणाला चालवू द्या. दुसऱ्या दिवशी रजा घ्या.

बिघडतं बहुधा घाईने. कैदी अजून ‘परिस्थितीच तशी होती’ या पालुपदावर असताना भेट उरकली, की तुमच्या वाट्याला सबबी येतात. किंवा कुणी नातेवाईक माफीसाठी मागे लागलेला असतो. अशा माणसाला सोबत नेऊ नका, मग तो कितीही जवळचा असो. आणि तुम्ही दारापर्यंत जाऊन परत फिरलात तरी चालतं.

प्रश्न : येरवड्यात असं होऊ शकतं का? (पुणे)

उत्तर : यंत्रणा म्हणून, नाही. तुरुंगातली मुलाखत कैद्याचे नातेवाईक, मित्र आणि वकील यांच्यासाठी असते; तिथे मध्यस्थ नाही, तयारी नाही. २००८ मध्ये प्रियांका गांधी वेल्लोरच्या तुरुंगात नलिनीला, म्हणजे वडील राजीव गांधींच्या हत्येतल्या दोषी कैद्याला, भेटल्या, पण ती व्यक्तिगत भेट होती. खटला चालू असताना तर असा विचारही करू नका. साक्षीदारावर दबाव आणल्याचा वास येतो, आणि खुनाच्या गुन्ह्यात आपसांत तडजोड करून प्रकरण मिटवता येत नाही. नुकसानभरपाईचा मार्ग वेगळा आहे : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे.