साताऱ्यात निवांत फिरायचं असेल तर कृष्णेच्या काठाने खाली उतरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरच्या अखेरीस तुम्ही दोघं नेदरलँड्सहून येताय. पत्नी तिकडच्या, महाराष्ट्र पहिल्यांदाच बघणार. हातात नऊ दिवस. पुण्यातून गाडीने महाबळेश्वर, कास, कोयना, कोल्हापूर आणि जमलं तर गोवा. पण घाई नको, निवांत हवं. आणि गाडी स्वतः चालवावी की ड्रायव्हर घ्यावा?

माझं माहेर वाई, सासर सांगली. दोन्ही गावं कृष्णेच्या काठावर. एकवीस वर्षं या दोन गावांत माझी ये-जा चालू आहे, आधी एसटीने आणि रेल्वेने, आता बरीच वर्षं गाडीने. तुमची यादी वाचून मला एवढंच सांगावंसं वाटलं की गोवा काढा, कोल्हापूर काढा, मनावर दगड ठेवून कोयनासुद्धा काढा, आणि नदी धरा. कृष्णा जुन्या महाबळेश्वरात उगम पावते, वाईच्या घाटांवरून जाते, साताऱ्याजवळ माहुलीला तिला वेण्णा मिळते, कराडला कोयना, सांगलीजवळ हरिपूरला वारणा. गाडीने हे सगळं एका दिवसात होतं. तुम्ही त्याला आठ रात्री द्या. वाईत तीन, साताऱ्यात दोन, कराडला एक, सांगलीत दोन. रोज दीड-दोन तासांच्या वर गाडीत बसायचं नाही.

वेळ तुम्ही चांगली निवडली आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक तोवर पडून गेलेला असतो. दुपारी एखादी सर येते, घाटात धुकं उतरतं, पण रस्ता अडत नाही. धोम धरण काठोकाठ असतं. आणखी एक गोष्ट बाहेरून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. साखर कारखान्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. एकदा तो सुरू झाला की आमच्या सगळ्या आतल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या, एकामागे एक दोन-दोन, पुष्कळदा मागच्या दिव्यांशिवाय. सप्टेंबरात ऊस अजून रानात उभा असतो आणि रस्ता मोकळा. मात्र स्ट्रॉबेरीची आशा ठेवू नका, तेव्हा तिची रोपं नुकती लागत असतात. त्याऐवजी ओल्या भुईमुगाच्या शेंगा उकडून मिळतात, त्या खा.

तिकीट काढण्याआधी त्या वर्षीचं पंचांग बघा. गणपतीत आणि नवरात्रात खोल्या मिळायला त्रास होतो. मधला पितृपक्षाचा पंधरवडा त्या मानाने शांत असतो.

आता गाडीचं. तुमचं लायसन तिकडचं असेल तर इथे चालवायला सोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो तिथूनच काढून आणा. पण माझा सल्ला ड्रायव्हर घेण्याचाच. तुम्ही इतकी वर्षं उजव्या बाजूने चालवताय, इथे डावीकडून. वाईहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या पसरणीच्या घाटात धुक्यातून समोरून एसटी आली की विचार करायला वेळ मिळत नाही. पुणे-सातारा महामार्गावर आणि पुढे सहापदरीकरणाच्या कामांमुळे कुठे वळवलेला रस्ता लागेल तेही सांगता येत नाही. ड्रायव्हर असला की तुम्ही दोघंही खिडकीतून बाहेर बघू शकता, आणि या प्रवासात तेच तर करायचं आहे. पैशांचं बोलणं मात्र आधी करा. बाहेरगावच्या गाडीला दिवसाला २५० किंवा ३०० किलोमीटर किमान धरून पैसे लावतात. तुमचे दिवसाला पन्नास-साठच होतील, म्हणजे न चाललेल्या किलोमीटरचे पैसे जातील. म्हणून पुण्याची गाडी वाईपर्यंतच ठेवा आणि पुढे गावागावांत स्थानिक गाडी दिवसाच्या ठरलेल्या दराने घ्या. ड्रायव्हरचा भत्ता, टोल आणि रात्रीच्या मुक्कामाचं काय, हे पहिल्याच फोनवर विचारा. थोडी रोकड जवळ असू द्या. परदेशी कार्ड छोट्या हॉटेलात चालेलच असं नाही.

वाईत उतरलात की पहिल्या दिवशी काहीही बघू नका. संध्याकाळी गणपती आळीच्या घाटावर जाऊन बसा. ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. मूर्ती सगळेच बघतात, तुम्ही देवळाला वळसा घालून मागची भिंत बघा. ती सपाट नाही, माशाच्या तोंडासारखी पुढे निमुळती काढलेली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर आपटून दोन्ही बाजूंनी फाटून जातं आणि गाभाऱ्याला जोर बसत नाही. लहानपणी पुराच्या दिवसांत आम्ही हे लांबून बघायला जायचो. आजी म्हणायची, "देवानं पाण्याला वाट दिलीय." तुमच्या पत्नी पाण्याशी झुंजलेल्या देशातून येताहेत, त्यांना ही भिंत कळेल असं मला फार वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेणवली, वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, आणि वाड्यामागून पायऱ्या उतरल्या की चंद्रकोरीसारखा घाट. घाटावरच्या एका लहानशा दगडी मंडपात प्रचंड घंटा टांगलेली आहे. ती मुळातली चर्चची. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हाच्या लुटीत आलेली ही घंटा मानतात, आणि तिच्यावर १७०७ हे साल कोरलेलं आहे. आमच्याकडे ती देवाची घंटा होऊन गेली. वाजवू नका, नुसता तळवा लावून बघा. सकाळी धातू गार असतो आणि आत कुठेतरी बारीक गुणगुण लागते. दुपारी शूटिंगवाले आले तर घाट तुमचा राहत नाही, म्हणून आठच्या आत पोचा. तिथून पुढे धोमला जा. गावातल्या देवळासमोर कमळाच्या आकाराचं दगडी कुंड आहे, त्यात कासवाच्या पाठीवर नंदी बसलेला. कुंडात पाणी असलं की कासव नंदीला घेऊन पोहतंय असं दिसतं.

तिसरा दिवस महाबळेश्वरचा. बाजारपेठ आणि पॉइंटांची यादी सोडून द्या, थेट क्षेत्र महाबळेश्वरला, म्हणजे जुन्या महाबळेश्वरला जा. पंचगंगेच्या देवळात गर्दी असते. गोमुखातून पाणी पडतं, ते कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं मानतात. दर्शन घ्या आणि तिथून चालत पाच-सात मिनिटांवरच्या कृष्णाबाईच्या देवळाकडे वळा. काळ्या दगडाचं, शेवाळलेलं, पुढे लहान कुंड, आणि देवळाच्या अंगणातून खाली कृष्णेचं सगळं खोरं उघडं पडलेलं. आदल्या दिवशी तुम्ही ज्या धोमच्या पाण्याकाठी उभे होता ते पाणी या खोऱ्यातूनच गेलेलं असतं. पायाखाली फार निसरडं असतं. रबरी तळव्याचे बूट घाला आणि सॅंडल खोलीवर ठेवा.

साताऱ्याकडे येताना लिंब गावात थांबा. बारा मोटेची विहीर महामार्गापासून फार आत नाही. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ दरम्यान, विरूबाईंनी ती बांधली. एका वेळी बारा मोटा चालायच्या, म्हणजे बारा बैलजोड्या एकदम पाणी ओढत असणार. विहिरीच्या आत, पाण्याच्या वर, छोटा महाल आहे. बाहेर ऊन असलं तरी आत इतका गारवा असतो की उठावंसं वाटत नाही.

कासबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथे आमची एकदा फजिती झाली आणि तुमची होऊ नये. नणंद आणि तिचे मिस्टर अमेरिकेतून आले होते. त्यांना घेऊन मी रविवारी गेले, बुकिंग न करता. यवतेश्वरच्या घाटात अडीच तास नुसत्या गाड्यांच्या रांगेत गेले आणि वर पोचलो तर प्रवेश बंद. नणंदेने कुंपणाच्या जाळीतून फुलं बघितली. ती काही बोलली नाही, पण मला आजही ते आठवतं. तेव्हा मंगळवार ते गुरुवार यातलाच दिवस धरा आणि ऑनलाइन बुकिंग आधीच करा, कारण दिवसाच्या माणसांवर मर्यादा असते. साताऱ्याहून अंतर पंचवीसेक किलोमीटर. अगदी पहाटे जायची गरज नाही. नऊ-साडेनऊपर्यंत धुकं असतं आणि ऊन पडल्याशिवाय पुष्कळ फुलं नीट उमलत नाहीत.

कास म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. वर मातीचा थर बोटभर, कुठे तेवढाही नाही. पावसाचं पाणी साचतं पण मातीत कस नसतो, म्हणून मोठं झाड धरत नाही आणि सगळा मान या चिमुकल्या फुलांना मिळतो. साडेआठशेच्या वर जातींच्या सपुष्प वनस्पतींची इथे नोंद आहे, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासही युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. लांबून गुलाबी दिसतो तो तेरडा, पिवळी ती सोनकी, पांढरे गोंडे ते गेंद. पण खरं बघायचं ते उकिडवं बसून. दवबिंदू नावाची वनस्पती नाण्याएवढी, तांबूस, पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब. बारीक माशी त्यावर बसली की अडकते. मातीतून मिळत नाही ते पोषण ही असं मिळवते. तिच्याच आसपास सीतेची आसवं, निळी-जांभळी. तीही पाण्यातले जीव धरून जगते. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, तुमच्या नशिबी असली तर दिसेल. आखलेली वाट सोडू नका. पाऊल पडलं की त्या बोटभर मातीतलं सगळं जातं. फुलं बघून थकलात तर बामणोलीला उतरा आणि शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, तासभर नावेत बसा. वासोट्याच्या किल्ल्याचा विचार या खेपेला नको, ती वाट पाऊस पूर्ण सरल्यावरची.

माहुलीला संध्याकाळी जा. वेण्णा इथे कृष्णेला मिळते. काठावर देवळं आहेत, समाध्या आहेत, त्यात शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीही एक. येताना कंदी पेढे घ्या, पण थोडेच. दोन दिवसांत संपतील एवढे घेतले की त्यांची खरपूस चव ताजी मिळते.

कराड हा मधला मुक्काम. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन भेटतात, म्हणून प्रीतिसंगम. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आणि मोठी बाग आहे. गावातली माणसं संध्याकाळी तिथे चालायला येतात, तुम्हीही चाला. रात्री अख्खा मसूर आणि ज्वारीची भाकरी मागा.

कराडहून सांगलीला महामार्गाने जाऊ नका. ताकारी, पलूस, भिलवडी असा आतला रस्ता घ्या. दोन्ही बाजूंना ऊस, मधे मधे हळदीची रुंद हिरवी पानं. भिलवडीजवळ औदुंबरला उतरा. दत्ताचं स्थान, घाटावर औदुंबराची सावली, पलीकडच्या काठावर भुवनेश्वरीचं देऊळ. पाणी शांत असेल तर नाव असते. धरणातून विसर्ग चालू असेल तर नावेचा हट्ट धरू नका. आम्ही काठावरची माणसं पुराला मानतो. २०१९ मध्ये सांगलीत आमच्या गल्लीत होड्या फिरल्या आहेत.

सांगलीत गणपतीचं दर्शन झालं की हरिपूर. संगमेश्वराच्या देवळाखाली वारणा कृष्णेत येते, दोन रंगांचं पाणी काही अंतर शेजारी शेजारी वाहताना दिसतं. याच गावच्या जमिनीत हळदीची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीखालची खोली, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं. आत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता टिकायची. 'पेव फुटलं' असं आपण सर्रास म्हणतो, ते हेच पेव. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि पुष्कळ पेवं गेली. गावात कुणा वयस्कर माणसाला विचारा, सांगताना त्यांचा हात अजून जमिनीकडे जातो. पत्नीला ही गोष्ट तुम्ही स्वतः समजावून सांगा, गाइड नको.

शेवटची सकाळ मिरजेसाठी ठेवा. सतारमेकर गल्लीत दुकानांच्या दारातच भोपळे टांगलेले दिसतील, ते बहुतेक पंढरपूरच्या बाजूचे. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी इथे तंबोरे आणि सतारी करायला सुरुवात केली. विकत काही घ्यायचं नसलं तरी चालतं, बसायला सांगतात. मी एकदा जव्हारी लावताना बघितली, म्हणजे तार भरून बोलावी म्हणून तिच्याखालची घोडी घासतात ते. कारागीर घोडीवर कानशीचा एकच हलका हात फिरवायचा, तार छेडायचा, मान हलवायचा, परत एक हात. मग तारेखाली सुती दोरा सरकवला आणि तीच तार एकदम भरून बोलू लागली. अर्धा तास गेला तो एका तारेसाठी.

मिरज जंक्शन तिथून जवळच आहे. सामान सोबतच घेऊन निघा, गाडी तिथेच सोडा आणि पुण्याला रेल्वेने परता. आरक्षण निदान तीन आठवडे आधी करा, सणाच्या दिवसांत लवकर भरतं.