गोव्यातल्या बार्देश आणि सत्तरी तालुक्यांत प्रत्येकी 100 घरांचा पाणीपुरवठ्याचा सर्वे केला. दोन्हींची मिळून एकच टक्केवारी अहवालात देता येईल का?

देता येईल, पण 200 फॉर्म एकत्र मोजून थेट नाही. आधी प्रत्येक तालुक्याला त्याच्या आकाराप्रमाणे भार द्यावा लागतो, म्हणजे मोठ्या तालुक्याची टक्केवारी एकत्रित आकड्यात जास्त मोजायची. 2011 च्या जनगणनेत बार्देशची लोकसंख्या सुमारे 2.37 लाख होती, सत्तरीची जेमतेम 64 हजार. समजा, बार्देशात 30 टक्के घरं पाण्याबद्दल तक्रार करतात आणि सत्तरीत 60 टक्के. साधी सरासरी 45 येते, भार देऊन काढली तर 36 च्या आसपास. सल्लागारांचे असे अहवाल तपासणं हेच माझं रोजचं काम, आणि क्लायंटचा पहिला प्रश्न नेमका इथेच येतो. तुमचं एकक घर आहे, म्हणून प्रत्यक्षात लोकसंख्येऐवजी घरांची संख्या घ्या. तीही जनगणनेत तालुकावार मिळते.

त्याआधी एक्सेलमधले रिकामे रकाने बघा. ‘उत्तर दिलं नाही’ म्हणजे ‘तक्रार नाही’ नव्हे, आणि डेटा एंट्रीवाले तिथे बिनधास्त 0 टाकतात. बार्देशात कुलूपबंद घरंही पुष्कळ; त्यांच्याऐवजी शेजारचं घर घेतलं असेल तर तशी नोंद ठेवा, ती चूक कुठल्याही भाराने भरून निघत नाही.

फक्त दोन तालुक्यांची तुलनाच दाखवायची असेल तर भाराची भानगड नको. मात्र 100 घरांवर प्रत्येक टक्केवारीत साधारण 10 अंक इकडेतिकडे होऊ शकतात, त्यामुळे 4-5 अंकांच्या फरकावरून निष्कर्ष काढू नका.