ग्वाल्हेर शहराचा ‘लष्कर’ नावाचा भाग म्हणजे खरंच लष्कराची छावणी होती का?

हो. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला तळ ठोकला. राजधानी तोवर उज्जैनला होती, पण दरबार सतत फिरतीवर. इथे मात्र तंबू हलले नाहीत. फौजेमागून सराफ, बाजारकरी आले, सरदारांनी वाडे बांधले. आजही फालका बाजार, शिंदे की छावनी, कंपू ही नावं नकाशावर आहेत. त्यामुळे मला तरी हे शहर उत्तरेतलं पुण्याचं भावंड वाटतं.

जुनं ग्वाल्हेर किल्ल्याच्या पायथ्याशी वेगळंच होतं. इंग्रजांची छावणी मुरारला झाली, तीही 1843 च्या महाराजपूर-पनिहारच्या लढायांनंतर. आजचं ग्वाल्हेर या तिन्ही वस्त्या मिळून बनलं आहे.

खरा शहरी थाट आला तो जयाजीराव आणि माधवराव शिंद्यांच्या काळात: 1874 चा जयविलास राजवाडा, महाराज बाडा हा चौक, पुढे नॅरोगेज रेल्वे. गंमत म्हणजे शहर शिंद्यांचं, पण डोक्यावरचा किल्ला कित्येक वर्षं इंग्रजांकडे. तो 1886 मध्ये झाशीच्या बदल्यात परत मिळाला.

आणि हो, गाणं शिकायला गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर महाराष्ट्रातून इथेच गेले होते.