बाबांना (वय ५८, नागपूर) शौचातून रक्त जातं. मूळव्याधच असेल ना, मग कोलोनोस्कोपी कशाला?

मूळव्याध असेलही, पण आत बघितल्याशिवाय ते ठरत नाही. या वयात रक्त जात असेल तर चालढकल नकोच.

कोलोनोस्कोपीत बोटाएवढ्या जाडीची, कॅमेरा लावलेली लवचिक नळी गुदद्वारातून घालून पूर्ण मोठं आतडं बघतात. पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेला छोटा मांसल गोळा) दिसला तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे तारेच्या फासाने कापून काढतात. पॉलिपचा कॅन्सर व्हायला सहसा बरीच वर्षं जातात, त्यामुळे हा फायदा मोठा. सूज किंवा अल्सर असेल तर बारीक तुकडा बायोप्सीला जातो.

खरा त्रास आदल्या रात्रीचा. पोट साफ करायच्या पावडरचं ते खारट पाणी पीत राहायचं आणि संडासच्या चकरा मारायच्या, अगदी पिवळसर पारदर्शक पाणी पडेपर्यंत. पोट नीट साफ नसेल तर पॉलिप नजरेतून सुटतो. दोन-तीन दिवस आधीपासून संत्री, तर्री-पोहे, सावजी सगळं बंद. लाल सरबतही नको, आत ते रक्तासारखं दिसतं. रक्त पातळ करायच्या आणि शुगरच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधीच विचारा.

गुंगीचं इंजेक्शन देतात, म्हणून बाबांना त्या दिवशी गाडी चालवू देऊ नका. नंतर पोट खूप दुखलं किंवा जास्त रक्त गेलं तर लगेच दवाखाना गाठा.