नागपूर–रामटेक सायकलफेरी काढून मुलांच्या मानसिक उपचारांसाठी निधी जमवायचा आहे, सुरुवात कुठून करावी?

सुरुवात मार्गापासून नको, पैसा नेमका कशाला लागणार तिथून करा. मुलांचं समुपदेशन एका भेटीत संपत नाही, आठवड्या-पंधरवड्याने यावं लागतं. उमरेड-काटोलकडून मुलाला घेऊन येणाऱ्या आईची त्या दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं. म्हणून कितीतरी मुलांचे उपचार अर्ध्यातच सुटतात. माझ्या मते निधीत प्रवासखर्च धराच. देणगीदाराला “एका मुलाच्या इतक्या भेटी” असं सांगितलं की तो मनापासून देतो.

पैसे स्वतःच्या खात्यात किंवा यूपीआयवर घेऊ नका. नोंदणीकृत संस्था आधी ठरवा, तिच्याच खात्यात थेट जाऊ द्या. पावती देणगीदाराच्या नावाने हवी. रोख २००० रुपयांच्या वर दिलं तर करसवलत मिळत नाही, हेही सांगा.

रामटेक साधारण ५० किलोमीटर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे निघा. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात कोणालाही रस्त्यावर उतरवू नका. महामार्गावर जड वाहनं असतात, त्यामुळे पोलिसांना आधी कळवा, हेल्मेट सक्तीचं ठेवा आणि मागे एक गाडी असू द्या.

आणि कळकळीची विनंती: उपचार घेणाऱ्या मुलांचे फोटो, नावं फलकावर कधीच लावू नका. त्याऐवजी टी-शर्टच्या पाठीवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक १४४१६ छापा. वाटेत कन्हान-मनसरला चहाला थांबाल, तेव्हा कोणीतरी तो नक्की टिपून घेईल.