धिंगरीचे गुण आणि लागवडीची पद्धत

प्रश्न : आम्ही सातारा जिल्ह्यात गव्हाच्या काडावर धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) पिकवतो. सोयाबीनचे काडही आम्हाला सहज मिळते. अळिंबी औषधी असते ना, असे ग्राहक हमखास विचारतात. लागवडीच्या पद्धतीने तिचे गुण खरोखर बदलतात का?

उत्तर : बदलतात, पण सगळे सारख्या प्रमाणात नाहीत. ज्या बीटा-ग्लुकन या तंतुमय घटकामुळे अळिंबीला औषधी म्हटले जाते, ते तिच्या पेशीभित्तिकेचाच घटक असल्याने कोणत्याही काडावर पिकवलेल्या अळिंबीत असतेच. त्याचे प्रमाण मात्र स्पॉनचा (अळिंबीच्या बियाण्याचा) वाण, काड आणि अळिंबीचा भाग यांनुसार कमीजास्त होते. सोयाबीनच्या काडात नत्र अधिक असल्यामुळे अळिंबीतील प्रथिने वाढण्यास मदत होते, परंतु नत्र वाढले की बेडवर (काड भरलेल्या पिशवीवर) हिरवी बुरशी येण्याचा धोकाही वाढतो. खोलीत हवा खेळती नसेल तर कार्बन डायऑक्साइड साचून देठ लांबतात आणि छत्र्या लहान राहतात. असा माल देठाकडून चिवट असतो.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी आहे, आणि ते सर्वस्वी तुमच्या हातात आहे. अंधाऱ्या खोलीत वाढलेल्या धिंगरीत ते जवळजवळ नसते. असतो तो त्याचा पूर्वघटक, अर्गोस्टेरॉल. काढणीनंतर ताजी अळिंबी छत्रीखालच्या पट्ट्या वर करून दुपारच्या उन्हात पसरली, तर सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरणांमुळे अर्गोस्टेरॉलचे ड-२ जीवनसत्त्वात रूपांतर होते. अर्ध्या ते एक तासाच्या कडक उन्हात १०० ग्रॅम ताज्या अळिंबीत साधारण १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक ड-२ तयार होऊ शकते. आपल्याकडे प्रौढांची रोजची गरज १५ मायक्रोग्रॅम धरतात. काचेतून हे किरण जवळजवळ येत नाहीत, त्यामुळे काचेच्या खिडकीमागे ठेवून उपयोग होत नाही. शाकाहारी घरांसाठी याचे मोल मोठे आहे, म्हणून ही सवय प्रत्येक उत्पादकाने लावून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

याच्या उलट बाजूकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. अळिंबी माध्यमातील पोषक द्रव्यांबरोबर कॅडमियमसारखे जड धातूही शोषून घेते. सेलेनियमयुक्त जमिनीतील काडावर तिच्यात सेलेनियम वाढते, तसेच हेही. कारखान्याच्या सांडपाण्यावरच्या शेतातले काड म्हणूनच घेऊ नये. काडाच्या निर्जंतुकीकरणासाठी अनेक ठिकाणी कार्बेन्डाझिम आणि फॉर्मेलिन ही रसायने वापरतात. आरोग्यासाठी म्हणून विकायच्या मालाला ८० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात तासभर काड भिजवण्याची पद्धतच योग्य आहे. इंधनाचा खर्च वाढतो, हे मान्य करूनही मी तेच सुचवेन.

ग्राहकांना पौष्टिक म्हणून जरूर सांगा, रोग बरा होतो असे सांगू नका. वेष्टनावर तसा दावा छापता येत नाही. जपानमध्ये १९७७ साली क्रेस्टिन हे कर्करोगावरचे औषध मान्य झाले, ते धिंगरीपासून नव्हे, तर दुसऱ्या एका अळिंबीच्या ठरावीक वाणाच्या कवकजालापासून (बुरशीच्या तंतूंच्या जाळ्यापासून) नियंत्रित परिस्थितीत बनवले जात असे. ती एकसारखी मात्रा आपल्या बेडवरच्या प्रत्येक तोडणीत येत नाही.

प्रश्न : दुकानात मिळणाऱ्या कॉर्डिसेप्स आणि लायन्स मेन या औषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या बुरशींच्या पावडरीतील गुण कसे ओळखावेत?

उत्तर : हिमालयातली कीडाजडी आणि बरणीत तपकिरी तांदळावर वाढवलेली केशरी कॉर्डिसेप्स या दोन निरनिराळ्या प्रजाती आहेत. कॉर्डिसेपिन हे द्रव्य मुख्यतः दुसरीत असते, आणि तिला तो केशरी रंग येण्यासाठी प्रकाश द्यावाच लागतो. अंधारात ती फिकट राहते. लायन्स मेनमध्ये हेरिसेनोन ही द्रव्ये फळात (आपण खातो त्या भागात), तर एरिनासिन कवकजालात आढळतात, तेव्हा पावडर कोणत्या भागाची आहे हे वेष्टनावर वाचावे. कवकजाल धान्यावर वाढवून धान्यासकट दळले असेल, तर पावडरीत पिष्ट भरपूर राहते आणि 'पॉलिसॅकराइड'च्या (सर्व बहुशर्करांच्या) आकड्यात तेही मोजले जाते. म्हणून बीटा-ग्लुकनचा आकडा स्वतंत्र दिला आहे का, ते पाहावे. थोडी पावडर पाण्यात उकळून, थंड झाल्यावर त्यात आयोडीनचा थेंब टाकावा. पाणी गडद निळे-काळे झाले, तर तिच्यात धान्याचे पिष्ट बरेच आहे.