जागा बघायची तर आषाढात बघा

मे महिना निम्मा झाला की दोन प्रकारची पत्रं येतात बघा, एक घर गळतंय म्हणून आणि दुसरी जागा घेऊ काय म्हणून. ह्या खेपेला चार प्रश्न घेतलेत. पहिल्या दोघांना सविस्तर लिहिलंय कारण तसलेच प्रश्न खानापूर, निपाणी, चंदगड सगळीकडनं येतात.

प्रश्न : काका, आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं. आई गेल्यापासून घर बंद आहे, आम्ही दोघं भाऊ पुण्यात. गणपतीला चार दिवस जातो तेवढंच. गेल्या वर्षी दार उघडलं तर माजघराची मधली भिंत खाली बसलेली. भाऊ म्हणतो विकून टाकूया, माझं मन होत नाही. कौलं काढून पत्रा घालावा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दादा, भिंत मातीची होती म्हणून बसली असं समजू नका. मातीची भिंत तीन पिढ्या उभी राहते, तिच्या डोक्यावर पाणी पडू नये आणि पायात पाणी साचू नये एवढंच तिचं मागणं असतं. तुमच्याकडं काय झालं असणार ते इथं बसून सांगतो. मे महिन्यात माकडं आली, आढ्याजवळचं एखादं कौल सरकलं, रिपेवरनं बोटभर खाली आलं. मृगात थोडं पाणी आलं, आर्द्रात जास्त, मग तरणा आणि म्हातारा (पुनर्वसू आणि पुष्य) दोन्ही पाऊस त्याच एका फटीतनं महिनाभर भिंतीच्या डोक्यात मुरत राहिले आणि बघायला घरात कोणीच नाही. आई असती तर पहिल्याच रात्री तिथं पातेलं ठेवलं असतं आणि सकाळी काठीनं खालनं ढोसून कौल जाग्यावर बसवलं असतं. एका कौलाचं काम होतं हो ते.

दुसरं म्हणजे धूर. घरात चूल पेटत होती तोवर वासे, तुळया काळ्या कुळकुळीत आणि कोरड्या होत्या, वाळवी तिकडं फिरकत नव्हती. घर बंद झालं, धूर गेला, कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस तर तुम्हाला माहीतच आहे, चार महिने ऊन दिसत नाही, मग आत बुरशी आणि वाशांना वाळवी. म्हणून गावातलं कोणीतरी विश्वासाचं बघा, चुलतभाऊ असो नाहीतर शेजारची वहिनी, किल्ली द्या आणि महिन्याला ठरवून पैसे द्या, फुकट सांगू नका. आठवड्यातनं एकदा दारं-खिडक्या उघडायच्या, चुलीत दोन शेणी आणि थोडी लाकडं घालून तासभर जाळ करायचा, आणि प्रत्येक खोलीत उभं राहून वर बघायचं, उजेड कुठनं दिसतोय का. व्हिडिओ कॉलवर दाखवायला लावा, आता सगळ्यांकडं मोबाईल आहे.

आणि रोहिणी निघायच्या आत, म्हणजे २५ मेच्या आधी, कौलं चाळून घ्या. चाळताना नुसती फुटकी बदलू नका, सगळी उतरवून झाडून परत लावायला सांगा, कौलाच्या खोबणीत पाला आणि माती साचते आणि पाणी उलटं आत येतं. तेव्हाच रिपा आणि वाशांची टोकं खिळ्यानं टोचून बघा, खिळा मऊ शिरला की तो वासा गेला. मागच्या बाजूची पन्हाळ आणि भिंतीकडेचं गटारही मोकळं करा, पाणी पायात साचतं ते तिथं.

पत्र्याचं विचारलंत. माझं मत सांगतो, चांगले वासे असतील तर कौलं काढू नका. खानापूरची माती कौलाला आणि मडक्याला नावाजलेली, म्हणून तर केंद्राची ग्रामीण कुंभारकामाची संस्था खानापुरात आहे. कौलाखाली घर उन्हाळ्यात गार राहतं आणि एक फुटलं तर एकच बदलतं. पत्रा उन्हाळ्यात भट्टी करतो, पावसात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. पण घर बंदच राहणार, बघणारं कोणीच मिळत नाही, असं असेल तर मात्र पत्रा घाला, मन मारून घाला. माकडानं पत्रा सरकत नाही.

विकायचं का हा तुमचा दोघांचा प्रश्न, त्यात मी पडत नाही. पण विका नाहीतर ठेवा, कागद आधी बघा. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ९, म्हणजे घराचा उतारा, कोणाच्या नावावर आहे ते विचारा. आजोबांच्याच नावावर असेल तर वारसा लावून घ्या, आत्ताच, कारण उद्या तुमच्या पोरांना चुलत-आत्ये मिळून पंधरा सह्या गोळा कराव्या लागतील. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आणि अतिवृष्टीत बेळगाव जिल्ह्यात घरं पडली, पूर्ण पडलेल्या घराला सरकारनं ५ लाख जाहीर केले. तेव्हा आमच्या ओळखीत एक कुटुंब होतं, घर पडलेलं डोळ्यासमोर, पण उतारा मेलेल्या आजोबांच्या नावावर आणि वारस चार गावांत पसरलेले. आधी वारसा करून आणा म्हणून त्यांचं प्रकरण मागं पडलं आणि तो पावसाळा त्यांनी शाळेच्या खोलीत काढला. मला ती माणसं अजून आठवतात.

प्रश्न : आम्ही टिळकवाडीत भाड्यानं राहतो, नवरा-बायको दोघं नोकरीला. शहराच्या पश्चिमेला एका गावाजवळ ५ गुंठे जागा दाखवायलेत, रेट शहरापेक्षा निम्मा. एजंट म्हणतो एनए (बिगरशेती) होणारच आहे, तोवर बाँडवर (स्टँप पेपरवर) लिहून घेऊ, पंचायतीचा ११ब उतारा पण देतो. आमच्या घरात कोणी शेतकरी नाही, घेता येईल का? मार्चमध्ये बघितली, छान सपाट जागा आहे. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यापासनं सुरू करतो. मार्चमध्ये बघितली म्हणजे बघितलीच नाही. आपल्याकडं सगळी जागा मार्चमध्ये छान असते. भात कापून झालेलं असतं, बांध मोडून सपाट केलेलं असतं, खडूनं रेषा मारलेल्या असतात. तीच जागा आषाढात जाऊन बघा, सलग चार दिवस पाऊस लागल्यावर पाचव्या दिवशी, छत्री घेऊन. पाय किती रुततो, पाणी कुठनं येतं आणि कुठं जातं, गाडी आतपर्यंत जाते का. बळ्ळारी नाल्याकडेची शेतं दरवर्षी पाण्याखाली जातात हे सगळ्या बेळगावला माहीत आहे, पण उन्हाळ्यात तिथं उभं राहिलं तर कोणाला पटणार नाही. मी तर म्हणतो बांधावरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा, ह्या तुकड्यात भात कोणतं करत होता. खोलगटातलं, उशिरा येणारं भात करत होतो म्हणाला की समजून घ्या, तिथं पाणी थांबतं, पाया भरायलाच घराचा निम्मा पैसा जाईल. काळं रान असेल तर अजून सावध, ती माती पावसात फुगते उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची भिंतही तशीच तडकते.

आता कागद. शेतकरी नसलात तरी कर्नाटकात शेतजमीन घेता येते, २०२० साली भूसुधारणा कायद्यातली ७९अ आणि ७९ब ही कलमं काढून टाकली तेव्हापासनं. हे सीमेपलीकडं चालत नाही हं, शिनोळीला गेलात की महाराष्ट्राचा कायदा, तिथं शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. जमिनीचा उतारा इकडं आरटीसी, तिकडं सातबारा, अंतर दहा-पंधरा मिनिटांचं पण नियम वेगळे, त्यामुळे पाहुण्यांचे सल्ले ऐकताना ते कोणत्या बाजूचे ते आधी बघा.

पण शेतजमीन घेता येते म्हणजे त्यावर घर बांधता येतं असं नाही. घरासाठी बिगरशेती लागते, कर्नाटक महसूल कायदा १९६४ च्या कलम ९५ खाली, ती जिल्हाधिकाऱ्यांकडनं होते. आणि एनए झाली तरी ले-आउट (प्लॉट आणि रस्त्यांचा आराखडा) मंजुरी वेगळी, बुडाच्या, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या, हद्दीत असेल तर बुडाची. "एनए होणारच आहे" ह्या शब्दावर लोकांनी दागिने मोडलेत ताई, दहा-दहा वर्षं झाली तरी होणारच आहे. झाल्यावर घेऊ म्हणून सांगा, दोन लाख जास्त पडले तरी चालतील.

११ब बद्दल नीट समजून घ्या कारण इथंच माणसं फसतात. गावठाणातली किंवा रीतसर एनए, मंजूर ले-आउटमधली मिळकत असेल तर ई-स्वत्तूमध्ये (पंचायतीच्या मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीत) नमुना ९ आणि ११अ मिळतो. ११ब म्हणजे जागा पंचायतीच्या नोंदीत घेतली, घरपट्टी बसवली, एवढंच. जागा नियमात बसते असा त्याचा अर्थ होत नाही. बँकेत कर्जाला गेलात की पहिला प्रश्न तोच येणार.

आणि बाँड तर विसराच. १०० रुपयांच्या वरची स्थावर मिळकत विकायची तर नोंदणी लागतेच, १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम १७. नोटरीचा शिक्का असला, साक्षीदार मोठे असले तरी बाँडवर मालकी येत नाही. मुखत्यारपत्रावरच्या विक्रीचंही तसंच, सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच सांगून टाकलंय.

तरीही जागा मनात भरली असेल तर स्वतः आरटीसी काढा, एजंटनं दिलेली झेरॉक्स नको. रकाना ९ मध्ये मालकाचं नाव बघा, एकटा आहे की पाचजण सामायिक, आणि रकाना ११ बघाच बघा, बँकेचा, सोसायटीचा बोजा तिथं असतो. कन्नड वाचता येत नसेल तर वाचता येणारं माणूस शेजारी बसवा, लाजू नका. सर्व्हे नंबरातला तुकडाच घेताय तर ११ई नकाशा लागतो, म्हणजे सरकारी मोजणी होऊन तुमचे ५ गुंठे नेमके कुठले ते कागदावर येतं. ईसी (मिळकतीवरच्या बोजा-व्यवहारांचा दाखला) पण काढा, २००४ नंतरची ऑनलाइन मिळते, त्याआधीची सब-रजिस्ट्रार ऑफिसात मागावी लागते, मागा. सरकारनं अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला दिलेली जमीन असेल तर १९७८ चा वेगळा कायदा आहे, परवानगीशिवाय ती विकताच येत नाही आणि ती त्यांच्याकडनं जाऊ नये हेच बरोबर आहे. आणि एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३, १०८९ चौरस फूट, टेप घेऊन स्वतः मोजा, रस्त्याची जागा तुमच्या पाच गुंठ्यात मोजलेली असते पुष्कळदा.

प्रश्न : माझं माहेर उचगावच्या बाजूला, दिलंय चंदगड तालुक्यात. वडील वारलेत. भाऊ म्हणतो घर आणि परडं विकायचंय, येऊन सही करून जा. कागद कन्नडमध्ये आहे, काय लिहिलंय कळत नाही. भावाशी वाईटपणा नको आहे. (एक वाचक भगिनी)

उत्तर : ताई, न कळणाऱ्या कागदावर सही नको, भाऊ कितीही सख्खा असला तरी. ह्यात वाईटपणा काही नाही, "दादा, मला वाचून दाखव की" एवढंच म्हणायचं. वाचून दाखवणारा तुमच्या ओळखीचा वकील असू दे, त्यांच्या एजंटचा नको. तो कागद विक्रीचा आहे की हक्कसोडीचा हे आधी कळू दे, दोन्हीत जमीनअस्मानाचा फरक आहे. विक्रीत तुमचा वाटा तुमच्या हातात पडायला पाहिजे, हक्कसोडीत तुम्ही सगळं सोडून मोकळ्या होता.

घर वडिलांनी कमावलेलं असेल आणि मृत्युपत्र नसेल तर आई आणि सगळी पोरं, मुलगा असो मुलगी असो, सारखे वारस. वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला जन्मानंच मुलाएवढा हक्क दिलाय, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की २००५ ला वडील हयात होते का नव्हते ह्यानं फरक पडत नाही. लग्न झालं म्हणून हक्क जात नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी होऊन गेली असेल तर गोष्ट वेगळी, तो कागद आहे का विचारा.

हक्क घ्या की सोडा ते तुमचं मन सांगेल. आईला बघायला भाऊच होता, म्हणून आनंदानं सोडलेल्या बहिणी मी बघितल्यात, आणि सही केल्यावर चुलीपुढं बसून रडलेल्याही बघितल्यात. सोडायचंच असेल तर आई हयात असेपर्यंत तिचं राहणं कुठं, हे त्याच कागदात लिहून घ्या.

प्रश्न : पुढच्या वर्षी आमच्या गावची लक्ष्मी यात्रा आहे, पाहुणे दोनशे तरी येतील. सोप्यापुढं एक स्लॅबची खोली आणि सगळं घर रंगवायचं आहे. आत्ता सुरू करू का? (एक वाचक, बेळगाव तालुका)

उत्तर : आत्ता नको. मे संपताना पाया काढलात की खड्ड्यात मृगाचं पाणी भरतं आणि गवंडी भात लावायला जातो. दिवाळीनंतर सुरू करा, स्लॅब संक्रांतीच्या आत पडू दे, पाणी मारायला विहिरीत तेव्हा पाणीही असतं. नव्या गिलाव्याला महिना-दीड महिना वाळू दे मग रंग. यात्रेच्या घाईत ओल्या भिंतीला रंग मारतात आणि पाहुणे जेवायला बसेपर्यंत पोपडे सुटतात.

जुन्या मातीच्या भिंतींना प्लास्टिक पेंट लावू नका, दुकानदार कितीही म्हणू दे. आतली ओल बाहेर यायला वाट राहत नाही आणि आतनं भिंत कुजते. तिथं चुनाच बरा. कळीचा चुना आणा, आदल्या दिवशी भिजवून ठेवा, फडक्यातनं गाळून घ्या, थोडा डिंक घाला म्हणजे पाठ टेकल्यावर कपड्याला लागत नाही, आणि पातळ तीन हात द्या, एक जाड हात देऊ नका.